जुन्या कुंपणाचे खांब स्किड स्टीअरने काढायचे आहेत: साखळी कुठे लावावी, खांब हलवावा की सरळ उचलावा?

प्रश्न: बांधकरी

नमस्कार मंडळी. जुनं काटेरी तारेचं कुंपण मुळासकट काढायचं आहे. खांब दीडशेच्या आसपास, आणि सगळे एका जातीचे नाहीत. निम्मे लोखंडी अँगल, ५० × ५० × ६ मिमीचे, प्रत्येकाच्या पायात काँक्रीट, अंदाजे ३० सेमी रुंद आणि ६० सेमी खोल. बाकीच्यांत १० × १० सेमीचे सिमेंटचे खांब, काही गोल लाकडी खांब, आणि कोपऱ्यांवर जाड खांब तिरक्या टेक्यांसह. जमीन चिकण. वाळली की दगड, भिजली की चिखल.

मशीन चाकांचं स्किड स्टीअर (पुढे दोन आर्मवर बकेट किंवा दुसरी जोडणी लावायचं छोटं लोडर), कामाची क्षमता ८०० किलो. सोबत बकेट आणि पॅलेट फोर्क आहेत. ऑगर (जमिनीत भोक पाडणारं मोठं गिरमिट) मिळू शकेल. पुलर (खांब जबड्यात धरून उपटणारी जोडणी) नाही.

साखळी बकेटला लावावी की फोर्कला? खांब आधी पुढेमागे हलवून सैल करावा की सरळ वर घ्यावा? जमिनीलगत मोडलेल्या लाकडी खांबांचं काय करायचं? अँगल पुन्हा वापरायचे आहेत, तेव्हा ते वाकायला नकोत. आणि ८०० किलो उचलणारं मशीन एवढ्याशा काँक्रीटच्या गड्ड्यापुढे मागून वर का उचललं जातं, हेही कुणी समजावलं तर बरं होईल.

उत्तर: ओळंबा

शेवटचा प्रश्न आधी घेतो, बाकीची उत्तरं त्यातूनच निघतात.

गड्ड्याचं वजन काढून बघा. ३० सेमी व्यास आणि ६० सेमी खोली म्हणजे साधारण ०.०४२ घनमीटर काँक्रीट. घनमीटरला २४०० किलो धरले तर जेमतेम १०० किलो. वर अँगलचे दहाएक किलो. एवढं मशीनला काहीच नाही. पण तुम्ही वजन उचलत नसता, मातीची पकड सोडवत असता. गड्ड्याची भोवतालची बाजू ०.५६ चौरस मीटर भरते. घट्ट चिकणमाती काँक्रीटला चौरस मीटरमागे अडीच ते पाच टनांनी धरून बसू शकते. म्हणजे हिशेब १.४ ते २.८ टनांवर गेला. चाकांच्या स्किड स्टीअरची कामाची क्षमता ही टिपिंग लोडच्या (ज्या वजनाला मशीन पुढे कलतं, त्याच्या) निम्मी असते, तेव्हा तुमचं मशीन १६०० किलोच्या आसपास कलणारच. (ट्रॅकवाल्या मशीनसाठी निम्म्याऐवजी ३५ टक्के धरतात, म्हणून दोन्ही प्रकारच्या मशीनचे क्षमतेचे आकडे शेजारी ठेवून ताडू नका.) हायड्रॉलिकमध्ये जोर शिल्लक असतो, मागे वजन पुरत नाही, म्हणून मागची चाकं उठतात.

यातून दोन गोष्टी ठरतात. आधी पकड मोडायची, मग उचलायचं. आणि ओढ पुढच्या चाकांच्या जितकी जवळ, तितका जोर जास्त मिळतो. समजा पुढच्या आसापासून १.१ मीटरवर १६०० किलोला मशीन कलतं. तीच साखळी फोर्कच्या टोकाला, १.९ मीटरवर बांधली, तर ते ९२५ किलोलाच कलेल. साखळी फोर्कच्या टोकाला बांधणं ही या कामातली सगळ्यात जास्त दिसणारी चूक आहे.

पकड मोडायला पाणी आणि हवा दोन्ही लागतात. आदल्या दिवशी पहारीने गड्ड्याला लगटून तीन-चार भोकं पाडा, गड्ड्याच्या तळापर्यंत, आणि त्यांत खांबामागे १५-२० लिटर पाणी सावकाश जिरवा. वरून नुसतं ओतलं तर वाळक्या चिकणमातीत ते भेगांतून भलतीकडे जातं. या भोकांचा दुसरा उपयोग काढताना होतो. गड्डा उठू लागला की त्याच्या तळाखाली पोकळी होते. तिथे हवा शिरायला वाट नसेल तर ती पोकळीच गड्ड्याला परत खाली खेचते. ओल्या चिकणमातीत ही ओढ फार असते. भोकं असली की हवा आत जाते आणि ओढ संपते.

सबंध जमीन मात्र भिजवू नका. खांबाभोवती ओल आणि मशीन उभं राहील तिथे वाफसा, अशी स्थिती हवी. मुठीत गोळा वळतो आणि खाली टाकला की फुटतो, इतपत. जास्त ओल असेल तर पुढची चाकं रुततात, कारण ओढ घेताना मशीनचं जवळजवळ सगळं वजन त्यांच्यावरच येतं. शंका असेल तर चाकांखाली ५० मिमी जाड फळ्या टाका.

आता ओढायची रीत. साखळी ताठ करा. मागची चाकं हलकी झाल्याचं जाणवलं की लिव्हर न्यूट्रलला सोडा आणि १०-१५ सेकंद थांबा. व्हॉल्व्ह बंद असतो, त्यामुळे ओढ तशीच टिकते. चिकणमाती सुटायला जोरापेक्षा वेळ लागतो, हे हिसके देणाऱ्यांना पटत नाही. मग पुन्हा थोडं वर, पुन्हा थांबा. गड्डा दोन-तीन सेंटिमीटर सरकला की पकड बरीचशी गेलेली असते आणि राहिलेलं काम जवळपास वजनापुरतं उरतं. ढिल्या साखळीला हिसका दिला तर ताण दुपटीच्याही वर जातो आणि साखळी, हुक किंवा अँगल यांतलं जे कच्चं असेल ते जातं.

ओढ ओळंब्यात ठेवा. साखळी ४५ अंश तिरकी झाली तर वरच्या दिशेला जेमतेम ७१ टक्के जोर लागतो आणि तेवढाच जोर खांब आडवा वाकवण्यात जातो. तुम्हाला अँगल सरळ हवे आहेत ना, मग हे सर्वांत महत्त्वाचं. रेडियल लिफ्टच्या (आर्म कमानीत वर जाणाऱ्या) मशीनमध्ये आर्म वर जाताना पुढचं टोक आधी पुढे सरकतं आणि अर्ध्या उंचीनंतर मागे येतं. म्हणून उचलतानाच मशीन बोटभर बोटभर मागे घेत राहावं लागतं. व्हर्टिकल लिफ्टच्या (आर्म जवळजवळ सरळ वर जाणाऱ्या) मशीनमध्ये हा फरक कमी असतो.

उत्तर: रिलीफ व्हॉल्व्ह

वरचं सगळं बरोबर. मी साखळी आणि जोडण्याबद्दल लिहितो.

सगळ्यात चांगलं म्हणजे बकेटही नको आणि फोर्कही नको. क्विक अटॅचची (बकेट-फोर्क जिथे अडकवतात ती) मोकळी प्लेट घ्या आणि तिच्यावर मधोमध वेल्ड केलेला उचलण्याचा हुक असू द्या. बकेटचं वजन वाचतं आणि ओढ अर्धा-पाऊण मीटर जवळ येते. वेल्डिंग माहीतगाराकडूनच करून घ्या. इथे टाका सुटला तर हुक थेट केबिनकडे येतो.

तशी प्लेट नसेल तर दोन वाटा आहेत.

फोर्क: दोन फोर्कच्या मधे खांब घ्या. खांबाच्या दोन्ही बाजूंना १०-१० सेमी जागा राहील इतकं अंतर ठेवा. साखळी दोन्ही फोर्कवरून, टाचेपासून (मागच्या कोपऱ्यापासून) साधारण ३० सेमीवर, आणि ती पुढे घसरू नये म्हणून तिचा एक फेरा मागे कॅरेजला (फोर्कच्या चौकटीला) शॅकलने (पिनच्या यू आकाराच्या कडीने) अडकवा. यात ओढ आपोआप सरळ मिळते. धोका एकच, पण मोठा. खांबाचं वरचं टोक केबिनच्या समोरच असतं. अशा वेळी टिल्ट (बकेट-फोर्क पुढेमागे झुकवणारी हालचाल) मागे घेतलात तर टोक काचेवर येईल. उंच खांबाला फक्त आर्म वापरा, टिल्टला हात लावू नका.

बकेट: साखळी दातांत अडकवू नका, दाताची पिन त्या दिशेच्या ओढीसाठी नसते आणि कडेच्या दाताला लावली तर बकेट एका बाजूला पिळली जाते. कटिंग एजच्या (बकेटच्या पुढच्या धारेच्या) मधोमध हुक हवा. बकेटचा फायदा टिल्टचा आहे. बहुतेक मशीनमध्ये टिल्ट सिलिंडरचा ब्रेकआउट (उपटून काढण्याचा) जोर आर्मच्या जोरापेक्षा जास्त असतो. म्हणून बकेट पुढे झुकवून, साखळी आखूड बांधून, पहिले १०-१५ सेमी टिल्टने घ्यायचे आणि पकड सुटली की आर्मने. आखूड खांबांना आणि बुडख्यांना ही रीत उत्तम. कटिंग एज मागे येताना खांबही केबिनकडे कलतो, म्हणून जमिनीवर दीड मीटर उभा असलेला खांब यात घेऊ नका.

साखळी ग्रेड ८० ची, १० मिमी. तिची सरळ ओढीतली क्षमता ३.१५ टन. खांबाला फास घातला की ८० टक्के धरायची, म्हणजे अडीच टन. ८ मिमीची साखळी सरळ ओढीत २ टन आणि फासात १.६ टन, म्हणजे तुमच्या मशीनच्या टिपिंग लोडला नुसती टेकते. ती नको. कडीवर ८ किंवा ८० असा ठसा नसेल तर ती साखळी फाटक बांधायला ठेवा. कडी झिजून तिची जाडी ९ मिमीच्या खाली गेली, ताणून लांबली किंवा पिळली, तर बाद. साखळीला गाठ मारू नका, नटबोल्टने जोडू नका, जोडायला शॅकलच वापरा. नायलॉनचा दोर अजिबात नको. तो रबरासारखा ताणतो आणि तुटला की सगळी साठलेली ओढ घेऊन परत येतो.

रिलीफ व्हॉल्व्ह (दाब मर्यादेपलीकडे गेला की तेल सोडून देणारा) बोलू लागला, म्हणजे इंजिन दबलं आणि कूं असा आवाज आला, की लिव्हर सोडा. चार-पाच सेकंदांपेक्षा जास्त त्यावर राहिलात तर तेल तापतं आणि मिळत काहीच नाही. रिलीफपर्यंत जाऊनही खांब हलला नाही तर मशीनला दोष देऊ नका, खाली काहीतरी वेगळं आहे. एक तर गड्डा अंदाजापेक्षा मोठा आहे, किंवा तळाशी पसरट आहे.

उत्तर: बुडखा

खांबाच्या जातीप्रमाणे रीत बदलते, सगळ्यांना एकच लावू नका.

*अँगल.* साखळी गुळगुळीत अँगलवरून वर घसरते. दोन फेरे घ्या आणि फेऱ्यांच्या लगेच वर, तारेसाठी पाडलेल्या सगळ्यात खालच्या भोकात १२ मिमीचा बोल्ट घाला. साखळी बोल्टला येऊन थांबते. भोक लहान असेल तर मावेल तो बोल्ट घाला, पण उच्च ताकदीचा. साखळी जितकी जमिनीजवळ, तितका अँगल कमी वाकतो. जमिनीपासून १५-२० सेमी ठीक. अँगलचं खालचं टोक बहुधा चिरून फाकवलेलं असतं, म्हणून तो काँक्रीटमधून सुटून येईल ही आशा सोडा. गड्ड्यासकटच येतो आणि यायलाही तसाच हवा. गड्डा नंतर आडवा पाडून घणाने किंवा ब्रेकरने फोडायचा. घण काँक्रीटच्या कडेवर मारा, मधे नाही. अँगलवर तर मुळीच नाही.

हलवून सैल करण्याबद्दल: काँक्रीट असलेल्या अँगलला हलवणं निरुपयोगी. अँगल काँक्रीटच्या तोंडाशी वाकतो आणि गड्डा तसाच राहतो. हलवायचं असेल तर अँगल नाही, गड्डा हलवा. एका बाजूची माती बकेटने ३० सेमी खोल काढा आणि गड्ड्याच्याच वरच्या कडेला बकेटने पाच-सहा सेमी ढकला. तेवढ्याने विरुद्ध बाजूची पकड सुटते.

*सिमेंटचे खांब.* १० × १० सेमी, २.१ मीटरचा खांब ५० किलोच्या आसपास भरतो. हे खांब उभ्या ओढीला टिकतात, आडव्या धक्क्याला नाही. बकेटने ढकलला की जमिनीलगत तडकतो, काँक्रीट गळतं आणि आतल्या तारा उभ्या राहतात. मग त्या तारांना धरून ओढायला जाल तर तारा निसटून येतात किंवा तुटतात. तेव्हा ढकलणं पूर्ण बंद. पाणी, भोकं, सरळ ओढ. साखळीखाली जुन्या टायरचा तुकडा किंवा पोत्याची घडी ठेवा, नाहीतर कडा फुटतात. खांब काँक्रीटशिवाय नुसता मातीत पुरलेला असेल तर बहुधा पहिल्याच ओढीत येतो.

*दगडी खांब* कुणाकडे असतील तर त्यांनाही हाच नियम, फक्त साखळीऐवजी पट्टा वापरा. १५ × १५ सेमीचा दोन मीटरचा दगडी खांब १२० किलोच्या घरात जातो.

*लाकडी खांब.* लाकूड जमिनीलगत कुजतं, कारण तिथे ओल आणि हवा दोन्ही असतात. त्याखाली अर्धा मीटर ते पुष्कळदा ठणठणीत असतं. वरून ओढलं की नेमकं त्या कुजक्या जागी मोडतं. ओढण्याआधी पहारीचं टोक जमिनीलगत खुपसून बघा. दोन-तीन सेमी सहज आत गेलं तर वरचा भाग विसरा. खांबाभोवती २०-२५ सेमी माती काढा आणि साखळी चांगल्या लाकडावर बांधा.

मोडलेल्या बुडख्यासाठी सगळ्यात सोपी युक्ती: त्याला लगटून २५-३० सेमी ऑगरने बुडख्याइतकंच खोल भोक पाडा आणि पहारीने बुडखा त्या भोकात लोटा. तीन बाजूंनी माती धरून असली तरी चौथी मोकळी झाली की तो कलतो आणि मग हातानेही निघतो. ऑगर थेट बुडख्यावर चालवू नका. लाकडात अडकला की मशीनला हिसका बसतो आणि शिअर बोल्ट (जादा जोर आला की मुद्दाम तुटणारा) जातो. बुडखा घट्ट आणि शाबूत असेल तर माथ्यावर मधोमध भोक पाडून १२ मिमी जाड, १५० मिमी लांब लॅग स्क्रू (लाकडात घालायचा जाड स्क्रू) वापरता येतो, पण दोन घाला आणि ओढ हळू ठेवा. उभ्या रेषांच्या लाकडात माथ्यावरून घातलेल्या स्क्रूची पकड कमी असते.

बांधकरी

फार उपयोगाची माहिती. दोन गोष्टी राहिल्या. कोपऱ्याच्या खांबांचा पाया ४५ सेमी रुंद आणि ९० सेमी खोल निघेल असं दिसतंय. तो या मशीनने निघेल का? आणि एवढ्या खांबांसाठी पुलर भाड्याने आणावा का?

उत्तर: ओळंबा

४५ × ९० चा गड्डा ३४५ किलोच्या आसपास भरेल. वजन तुमच्या क्षमतेत आहे. पण बाजू १.२७ चौरस मीटर, म्हणजे घट्ट मातीत पकड तीन ते सहा टन. सरळ ओढायला जाऊ नका, मशीन कलेल आणि खांब तसाच राहील.

ऑगरने गड्ड्याभोवती तीन बाजूंना भोकं पाडा, काँक्रीटच्या कडेपासून ऑगरचे दात १० सेमी तरी लांब राहतील अशी. काँक्रीटला लागले की दात तुटतात. मग भोकांमधल्या भिंती पहारीने आत पाडा. तीन बाजू मोकळ्या झाल्यावर चौथ्या बाजूची आणि तळाची पकड एवढीच उरते. त्यावर आधी गड्डा मोकळ्या बाजूकडे ढकला, मग साखळी. तिरके टेके आधी काढा, त्यांच्या पायात पुष्कळदा स्वतंत्र काँक्रीट असतं आणि ते राहिलं तर कोपऱ्याचा खांब का हलत नाही याचं कोडं पडतं.

३४५ किलोचा गड्डा अधिक खांब, साखळीवर लोंबकळत नेऊ नका. भोकाच्या कडेलाच आडवा ठेवा आणि फोर्कवर घेऊन न्या, जमिनीपासून २०-३० सेमी उंचीवर. उतारावर भरलेलं मशीन पुढचा भाग चढाकडे ठेवूनच चालवा, उतरताना मागे मागे.

उत्तर: जबडा

पुलरबद्दल. दीडशे खांब म्हणजे आणण्यासारखा आहे, पण सगळ्या खांबांसाठी नाही.

पुलरचा जबडा हायड्रॉलिकने मिटतो, त्याला मशीनचा साधा तेलाचा प्रवाह पुरतो, हाय फ्लो (जादा प्रवाह) लागत नाही. मुख्य फायदा असा की खांबाजवळ माणूस लागत नाही. साखळीच्या कामात वेळ आणि धोका दोन्ही साखळी घालण्या-काढण्यात जातात, ते इथे वाचतं. सलग लाकडी खांब असतील तर पुलरचा हात कुणी धरू शकत नाही.

अडचण अशी की जबड्याला माया नसते. पूर्ण दाबाने मिटला तर सिमेंटचा खांब चुरतो आणि कुजकं लाकूड दबून मधेच तुटतं. लिव्हर जरा जरा दाबून, खांब नुसता धरला जाईल इतकंच मिटवायचं. हे यायला थोडे खांब खर्ची पडतात, म्हणून सुरुवात टाकाऊ खांबांपासून करा. अँगल पुन्हा वापरायचे असतील तर जबडा अँगलच्या उघड्या बाजूवर मिटू देऊ नका, पाख आत वळतात. अँगलसाठी मी साखळीच म्हणेन. घेताना दोन गोष्टी बघा: जबडा किती उघडतो (तुमच्या जाडात जाड खांबापेक्षा पाच सेमी तरी जास्त हवा) आणि होस पाइप झाकलेले आहेत का. उघडे असले तर तारेच्या टोकांनी फाटतात.

उत्तर: पक्कड

सगळं खांबांवर चाललंय आणि तारेबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही! तार पूर्ण निघाल्याशिवाय मशीन कुंपणाच्या रेषेत आणूच नका.

विजेचं कुंपण असेल तर आधी एनर्जायझर (तारेत विजेचे झटके सोडणारं यंत्र) बंद करून तारा सोडवा. त्याचे अर्थिंगचे रॉड वेगळे पुरलेले असतात, तेही काढायच्या यादीत घ्या. काटेरी तार ताणावर असताना मधेच कापू नका, दोन्ही टोकं चाबकासारखी उसळतात. आधी कोपऱ्याच्या खांबावरचे टर्नबकल किंवा ताणाची गुंडाळी सैल करा. ते गंजून बसलं असेल तर खांबापासून हातभर अंतरावर तार पक्कडीत धरून कापा, कापणाऱ्याने तारेच्या रेषेत न उभं राहता बाजूला उभं राहावं. चामडी हातमोजे आणि चष्मा. मग मधल्या खांबांवरच्या बांधण्या आणि यू खिळे काढत जा आणि तार लगेच भेंडोळ्यात गुंडाळा. एका भेंडोळ्यात एकाच माणसाला उचलता येईल एवढीच.

गवतात राहिलेला हातभर तुकडा टायर पंक्चर करतो हे सगळ्यांना माहीत असतं. त्याहून वाईट म्हणजे तो चाकाच्या आत आसाभोवती गुंडाळला जातो आणि ऑइल सील कापतो. तिथून तेल गळायला लागलेलं कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. दिवसातून एक-दोनदा मशीन बंद करून चारही चाकांच्या आत डोकावून बघा. यू खिळ्यांसाठी लोहचुंबकाची पट्टी ओढत न्या.

माणसांबद्दल. साखळी लावणारा माणूस जवळ येण्याआधी आर्म खाली, ड्रायव्हरचे हात लिव्हरवरून काढलेले. तो बाजूला होऊन हाताने खूण करेपर्यंत काही हलवायचं नाही. ओढ चालू असताना साखळीच्या लांबीच्या दीडपट अंतरात कुणी नको, आणि साखळीच्या सरळ रेषेत तर कुठेच नको. उचललेल्या आर्मखाली आर्मचा लॉक लावल्याशिवाय शिरायचं नाही. केबिनला पुढचं दार किंवा जाळी नसेल तर साखळीचं काम त्या मशीनने करू नका. सीट बार आणि बेल्ट लावूनच.

आणि खाली काय आहे ते आधी शोधा. पाण्याची लाइन, वीज, ठिबकचा मुख्य पाइप, हे सगळे जुन्या कुंपणाच्या कडेनेच नेलेले असतात, कारण तिथे नांगर जात नाही. ऑगर आणि पहार दोन्हींना हे लागू. मोजणीचे हद्दीचे दगड कुंपणाच्याच ओळीत असू शकतात. खांब समजून तो उपटू नका. आधी रंग मारून ठेवा.

बांधकरी

तारेचं खरंच डोक्यात नव्हतं, आधी तेच उरकतो. खड्डे भरायला वेगळी माती आणावी लागेल का?

उत्तर: बुडखा

लागेल, थोडी. गड्ड्याची जागा रिकामी होते आणि ओढताना कडा पडतात, म्हणून ०.०४२ ऐवजी ०.०६ घनमीटरचा खड्डा धरा. सैल माती चतुर्थांश जास्त लागते. तुमची बकेट ०.४ घनमीटरची असेल तर एका बकेटमध्ये पाच खड्डे भरतील. गड्ड्याला चिकटून आलेली माती आधी घणाच्या दोन ठोक्यांनी पाडून परत खड्ड्यात टाका, म्हणजे बाहेरची कमी लागते.

१५-२० सेमीचा थर टाकायचा, धुमसाने ठोकायचा, मग पुढचा थर. एकदम भरून वरून चाक फिरवलं तर वरचा वीतभर भाग दबतो आणि खालचा पोकळ राहतो. पाऊस पडला की तिथे खळगा होतो आणि पुढच्या वेळी ट्रॅक्टरचं चाक त्यातच जातं. आजूबाजूला आहे तशीच माती भरा. चिकण जमिनीत मुरूम किंवा वाळू भरली तर खड्ड्यात पाणी साठून राहतं. वर पाच ते आठ सेमी उंचवटा सोडा. काँक्रीटचे तुकडे खड्ड्यात टाकायचा मोह आवरा, त्याच रेषेत नवं कुंपण घालायचं असेल तर ऑगर बरोबर त्यांच्यावरच जाईल.

खड्डे त्याच दिवशी भरा. गवतात झाकलेला ६० सेमीचा खड्डा जनावराचा पाय मोडायला पुरतो. संध्याकाळपर्यंत भरणं जमणार नसेल तर काढलेला खांबच खड्ड्यात सैल उभा करून ठेवा, निदान लांबून दिसतो.